न्यूझीलंडमध्ये घर बदलताय? जुना बाँड नव्या घराला असा लावा

घर बदलायचं ठरलं की इथे पैशांचं गणित एकदम अंगावर येतं. जुन्या घराचा बाँड (म्हणजे आपलं डिपॉझिट) हातात पडायच्या आधीच नव्या घराचा बाँड भरावा लागतो, वर आगाऊ भाडं, सामान हलवणाऱ्या गाडीचे पैसे, आणि मधले चार दिवस दोन्ही घरांचं भाडं. नव्याने आलेल्या कुटुंबाची सगळी शिल्लक यात संपते. यावर एक कायदेशीर आणि सोपी वाट आहे: जुन्या भाडेकरारावर जमा असलेला बाँड परत न घेता थेट नव्या भाडेकराराच्या नावे वळवून घ्यायचा. इथे त्याला बाँड ट्रान्सफर म्हणतात.

वाट सोपी आहे, पण तीन पक्षांच्या संमतीवर चालते. भाडेकरू, जुना घरमालक आणि नवा घरमालक यांपैकी एकाने जरी मान हलवली नाही तर ट्रान्सफर होत नाही. म्हणून फॉर्म भरण्यापेक्षा कोणाला कधी विचारायचं यालाच इथे जास्त महत्त्व आहे, आणि गोंधळही तिथेच होतो.

पुण्या-मुंबईच्या सवयीने एक गैरसमज डोक्यात असतो, तो आधीच काढून टाका. तिकडे डिपॉझिट मालकाच्या खात्यात जातं आणि परत कधी, किती मिळेल हे बरंचसं त्याच्या मनावर असतं. इथे मालकाने बाँड स्वतःकडे ठेवायचाच नसतो. पैसे मिळाल्यापासून कामकाजाच्या २३ दिवसांत तो त्याने टेनन्सी सर्व्हिसेसकडे, म्हणजे सरकारी खात्याकडे जमा करायचा असतो. पैसे तुमचे आणि सांभाळणारं सरकार. मालकाला त्यावर फक्त दावा सांगता येतो. (त्यावर तुम्हाला व्याज मात्र मिळत नाही.)

हा लेख न्यूझीलंडपुरता आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची व्यवस्था वेगळी, आणि ऑकलंडचा बाँड सिडनीच्या घराला लावता येत नाही.

हाताशी काय हवं

- बाँड नंबर. बाँड जमा झाल्यावर टेनन्सी सर्व्हिसेसकडून आलेल्या पत्रात किंवा ईमेलमध्ये असतो.
- जुना भाडेकरार आणि घरात शिरताना केलेला इन्स्पेक्शन रिपोर्ट, फोटोंसकट.
- नव्या घराचा करार: पत्ता, सुरू होण्याची तारीख, आठवड्याचं भाडं, बाँडची रक्कम.
- दोन्ही मालकांची किंवा प्रॉपर्टी मॅनेजरांची नावं, ईमेल, फोन.
- बाँडवर ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांचा सध्याचा संपर्क.
- न्यूझीलंडमधलं चालू बँक खातं. काही रक्कम परत यायची असेल तर लागेल.

१. बाँड जमा आहे का, आणि कोणाच्या नावावर, ते बघा

घर शोधायला लागण्याआधी हे करा. बाँड नंबर सापडत नसेल तर टेनन्सी सर्व्हिसेसला फोन करा (०८०० ८३६ २६२). भाडेकरारावर तुमचं नाव आहे, २३ कामकाजी दिवसही उलटले आणि तरी काहीच जमा नाही असं निघालं, तर मालकाने कायदा मोडला आहे. मग ट्रान्सफरचा विषय बाजूला ठेवून आधी पैसे कुठे आहेत ते लेखी विचारा.

जमा रक्कम आठवणीवर धरू नका. भाडं दरम्यान वाढलं असेल, पण बाँड सुरुवातीला भरला तेवढाच पडून असतो.

नावांची भानगड आपल्या लोकांची खास असते. पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. करारावर फक्त नाव-आडनाव. बायकोच्या कागदपत्रांवर माहेरचं नाव. बाँडच्या नोंदीत जे नाव आहे तेच फॉर्मवर लिहा. सहीचंही तसंच. कागदी फॉर्मवरच्या सह्या जुन्या नोंदीशी ताडून बघतात. एके ठिकाणी मराठीत आणि दुसरीकडे इंग्रजीत सही केलीत तर फॉर्म परत येऊ शकतो.

आणि सर्वात मोठा खोडा: पूर्वी तुमच्यासोबत राहणारा मित्र, जो केव्हाच नाशिकला परतला पण बाँडवर नाव अजून आहे. त्याच्या संमतीशिवाय ते पैसे हलत नाहीत. कोणी घर सोडून जात असेल तर तो जायच्या आधीच भाडेकरू-बदलाचा फॉर्म भरून त्याचं नाव काढून घ्या. माणूस समोर असताना हे पाच मिनिटांचं काम आहे.

२. तुम्ही भाडेकरू आहात की फ्लॅटमेट?

हा प्रश्न बऱ्याच जणांना उशिरा पडतो, म्हणून वेगळा घेतला. आल्या आल्या आपण बहुतेक कोणाच्या तरी घरात एक खोली घेऊन राहतो. ऑकलंडमध्ये सँड्रिंगहॅम किंवा पापाटोएटोएला ओळखीतून खोली मिळते आणि 'बाँड' म्हणून दोन आठवड्यांचं भाडं त्या घरातल्या दादांना दिलं जातं. ते दादा हेड टेनंट. भाडेकरारावर नाव त्यांचं, तुमचं नाही. मग कायद्याच्या भाषेत तुम्ही फ्लॅटमेट, आणि भाडेकरूंना संरक्षण देणारा रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट, १९८६ तुमच्यातल्या व्यवहाराला लागू होत नाही. हेड टेनंटने घेतलेला बाँड सरकारकडे जमा करायचं बंधन नसतं, म्हणजे ट्रान्सफर करायला तिथे काही नसतंच.

अशा वेळी पैसे थेट त्या व्यक्तीकडून परत घ्यायचे. खोली घेतानाच एका कागदावर किती दिले, कधी परत मिळणार आणि किती दिवसांची नोटीस, एवढं लिहून दोघांनी सह्या करा. आपल्या माणसाकडे कागद मागायला संकोच वाटतो, हे खरंय. तरी मागा. वाद झालाच तर तो टेनन्सी ट्रायब्युनलकडे (मालक-भाडेकरूंचे वाद सोडवणारं न्यायाधिकरण) जात नाही, डिस्प्युट्स ट्रायब्युनलकडे (इतर छोटे वाद सोडवणारं) जातो, आणि तिथे तोच कागद कामी येतो.

३. आकडेमोड

बाँड जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतका घेता येतो आणि आगाऊ भाडं जास्तीत जास्त दोन आठवड्यांचं. समजा जुन्या घराचं भाडं आठवड्याला ६०० डॉलर होतं, तर जमा बाँड २,४०० डॉलर. नव्या घराचं भाडं ६८० असेल तर तिथला बाँड २,७२० आणि दोन आठवड्यांचं आगाऊ भाडं १,३६०.

ट्रान्सफर नसेल तर चावी हातात यायच्या आधी ४,०८० डॉलर भरायचे. ट्रान्सफर झालं तर बाँडमधला फरक ३२० आणि आगाऊ भाडं १,३६० मिळून १,६८० डॉलर. फरकाची रक्कम कोणाला आणि कधी द्यायची हे नव्या मालकाशी लेखी ठरवून पावती घ्या.

नवं घर स्वस्त असेल तर उरलेला बाँड तुमचाच. ५५० भाड्याच्या घराला २,२०० लागतील आणि वरचे २०० परत मागायचे. "राहू देत तुमचे जास्तीचे, पुढे बघू" असं नवा मालक म्हणाला तर चार आठवड्यांच्या मर्यादेची आठवण करून द्या.

मांजर किंवा कुत्रा असेल तर १ डिसेंबर २०२५ पासून मालक आणखी दोन आठवड्यांच्या भाड्यापर्यंत पेट बाँड मागू शकतो. तो या हिशेबात वेगळा धरा. भाडेकरूकडून 'लेटिंग फी', म्हणजे घर भाड्याने लावून देण्याची फी, घेण्यावर २०१८च्या डिसेंबरपासून बंदी आहे, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

४. नव्या मालकाला आधीच विचारा

घर बघायला गेलात, आवडलं, अर्ज मंजूर झाल्याचा फोन आला. नेमक्या त्याच फोनवर विचारा: "माझा आधीचा बाँड टेनन्सी सर्व्हिसेसकडे जमा आहे. तो ट्रान्सफर केला तर चालेल का? फरकाची रक्कम मी लगेच भरतो." 'हो' आलं की तेच ईमेलने लिहून पाठवा आणि उत्तर घ्या. करारावर सही करून झाल्यावर विचारलंत तर त्यात ठरलेल्या तारखेला पूर्ण बाँड भरण्याची अट आधीच मान्य झालेली असते.

नकार मिळू शकतो. ट्रान्सफर स्वीकारायची सक्ती कायद्यात नाही. नव्या मालकाची अडचण समजण्यासारखी आहे: जुन्या मालकाने शेवटच्या क्षणी पाचशे डॉलर कापायचं ठरवलं तर त्याच्याकडे बाँड अपुरा येणार आणि तुम्ही तर आत राहायला आलेले. म्हणून जुन्या घराचे शेवटचे काही इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि भाडं वेळेवर भरल्याची नोंद सोबत पाठवा. माझ्या पाहण्यात, घर स्वतः भाड्याने देणाऱ्या मालकापेक्षा प्रॉपर्टी मॅनेजमेंट कंपनीला हा प्रकार जास्त सवयीचा असतो. मालक मात्र बोलून लवकर तयार होतात.

५. नोटीस आणि तारखा जुळवा

खरा पेच इथे आहे. नवा मालक म्हणतो, आधी बाँड, मग चावी. जुना म्हणतो, आधी घर रिकामं करून दाखवा, मग सही. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि तुम्ही सामानासकट मध्ये.

मुदत ठरलेली नसलेल्या, म्हणजे पिरिऑडिक करारात तुम्हाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते (३० जानेवारी २०२५ पर्यंत ती २८ दिवस होती). फिक्स्ड टर्म असेल तर मुदत संपायच्या ९० ते २१ दिवस आधी 'पुढे राहणार नाही' असं कळवा, नाहीतर करार आपोआप पिरिऑडिक होतो. मुदतीच्या मध्येच सोडायचं असेल तर मालकाशी बोलून लेखी तडजोड करावी लागते, आणि तेव्हा तुम्ही त्याच्याकडे एक सवलत मागतच आहात, त्यात ट्रान्सफर ही दुसरी.

पेच सोडवायचे मार्ग असे. दोन्ही घरं चार-पाच दिवस एकत्र ठेवता आली तर सर्वात उत्तम. त्या दिवसांचं दुहेरी भाडं जड वाटतं, पण पूर्ण बाँड दोनदा उभा करण्यापेक्षा हलकं असतं. ते शक्य नसेल तर नोटीस दिल्या दिल्या जुन्या मालकाला एक प्राथमिक इन्स्पेक्शन करायची विनंती करा. तो घर फिरून "एवढं एवढं करून द्या, मग माझी हरकत नाही" असं लिहून देईल. तो ईमेल नव्या मालकाला दाखवला की त्याचीही धाकधूक कमी होते. आणि तिसरा मार्ग म्हणजे नव्या मालकाकडून आठवडाभराची सवड लेखी मागून घेणं.

डिसेंबरमध्ये घर बदलत असाल तर जपून. या कायद्यात २५ डिसेंबर ते १५ जानेवारी हे दिवस कामकाजाचे धरत नाहीत. ऑफिसं बंद, मॅनेजर समुद्रावर. नाताळच्या आठवड्यात फॉर्म पाठवून नव्या वर्षात पैसे वळलेले असतील ही आशा धरू नका.

६. शेवटचं भाडं बुडवू नका

"शेवटचा महिना डिपॉझिटमधून कापून घ्या" हे आपल्याकडे सर्रास चालतं. इथे ते करू नका. बाँड भाड्याऐवजी वापरायचा नसतो. भाडं थांबवलं की तुम्ही थकबाकीदार होता. मालक नोटीस काढू शकतो, बाँडवर दावा करू शकतो, आणि पुढच्या घरासाठी द्यायचा संदर्भही जातो. थकबाकी असताना ट्रान्सफरच्या फॉर्मवर कोणीही शहाणा मालक सही करणार नाही. शेवटच्या दिवसापर्यंतचं भाडं, शिवाय तुमच्या नावे येणारं पाण्याचं बिल, चुकतं करून पावत्या ठेवा.

७. घर असं द्या की सही मागायला लागू नये

जुना मालक ट्रान्सफरला हो म्हणतो तेव्हा तो त्या रकमेवरचा आपला हात काढून घेतो. म्हणून तो बारकाईने बघणारच.

कायद्याची अपेक्षा 'वाजवी स्वच्छ आणि नीटनेटकं' एवढीच आहे. रोजच्या वापराने गालिचा दबला, पडद्याचा रंग उतरला, तर ती सामान्य झीज. तिचे पैसे मागता येत नाहीत. निष्काळजीपणाने झालेल्या नुकसानीची तुमची जबाबदारीही चार आठवड्यांचं भाडं किंवा मालकाच्या विम्याचा एक्सेस (दाव्यातला मालकाने स्वतः भरायचा वाटा), यांपैकी जे कमी असेल तेवढ्यापुरतीच आहे. मुद्दाम केलेलं नुकसान मात्र पूर्ण भरावं लागतं.

आता आपल्या घरांचं. स्वयंपाकघराच्या ओट्यावरचे हळदीचे डाग ही झीज नव्हे, डाग आहेत. ते आठवडाभर आधीपासून काढायला घ्या, एका दुपारी निघत नाहीत. फोडणीच्या तेलाचा चिकट थर रेंजहूडच्या जाळीवर, वरच्या कपाटांच्या खालच्या बाजूला आणि शेगडीमागच्या भिंतीवर असतो. जाळी काढून गरम पाण्यात डिशवॉशिंग लिक्विड घालून भिजत ठेवा. देव्हाऱ्यामागच्या भिंतीवर निरांजनाची काजळी आणि उदबत्तीचा पिवळट पट्टा येतो. राहत असताना तो रोज दिसतो म्हणून दिसेनासा होतो. मॅनेजरला मात्र दारातूनच दिसतो. दाराला तोरणासाठी लावलेले चिकटे हूक ओढून काढले तर रंगाचे पोपडे येतात, हेअर ड्रायरने ऊब देऊन सावकाश काढा. डेकवर रांगोळीचा रंग मुरला असेल तर तोही घासा.

वास हा नाजूक विषय. रिकाम्या घरात मसाल्याचा वास जास्त जाणवतो. शेवटचे दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवा, हीट पंपाचा फिल्टर धुवा आणि त्या दिवसांत मासे तळू नका, हा प्रेमाचा सल्ला.

न्हाणीघरातली बुरशी पुसायची जबाबदारी तुमची. पण पंखाच नसेल किंवा छत गळत असेल, तर दोष घराचा. १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या घरांना हेल्दी होम्स मानकं पाळणं सक्तीचं आहे आणि न्हाणीघरात-स्वयंपाकघरात हवा बाहेर टाकणारा पंखा त्यात येतो. तुम्ही राहत असताना याबद्दल ईमेल केले असतील तर ते काढून ठेवा.

घर रिकामं झाल्यावर प्रत्येक खोलीचे फोटो काढा, ओव्हनच्या आतलेही, आणि आत शिरतानाचा रिपोर्ट हातात धरून मालकासोबत फिरा. "नंतर बघून कळवतो" यावर समाधान मानू नका. फिरणं संपताच फोटोंसह ईमेल पाठवा की आज अमुक वाजता आपण दोघांनी घर पाहिलं आणि या या गोष्टींवर बोलणं झालं.

८. फॉर्म

ट्रान्सफरचा फॉर्म टेनन्सी सर्व्हिसेसच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात जुन्या घराचा पत्ता आणि बाँड नंबर, नव्या घराचा पत्ता आणि कराराचा तपशील, किती रक्कम वळवायची आणि तिन्ही पक्षांची संमती असते. बाँडवरचे सगळे भाडेकरू यात आले.

रकमेचा रकाना रिकामा ठेवून सही कधीच करू नका. जुना मालक काही कापणार असेल तर आकडा आधी ठरवा, तो कशासाठी ते लिहून घ्या, आणि मगच उरलेली रक्कम त्या रकान्यात भरा. सह्या झालेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. फॉर्म पाठवायची जबाबदारी कोणाची हेही स्पष्ट करा. तिघांनाही दुसऱ्याने पाठवला असं वाटत राहतं आणि तो कोणाच्या तरी ईमेलमध्ये पडून असतो. मी सगळ्यांना सांगतो की शेवटची सही झाली की तुम्हीच पाठवा.

९. जुना मालक अडून बसला तर

काही जण उगाच मोघम बोलतात: "कार्पेट बदलायला लागेल बहुतेक." त्यावर वाद घालण्यापेक्षा लेखी विचारा: नेमकं कोणतं नुकसान, किती खर्च, कोटेशन कुठे. बरेच दावे इथेच विरतात. थोडं खरं असेल तर तेवढंच मान्य करून बाकीची रक्कम वळवायचा प्रस्ताव द्या.

तरीही हटला नाही तर टेनन्सी ट्रायब्युनलकडे अर्ज करता येतो. वकील लागत नाही. तुमचे फोटो, रिपोर्ट आणि ईमेल हाच पुरावा. पण त्याला वेळ लागतो, आणि नवा मालक तोवर थांबणार नाही. म्हणून वाद खरोखर पेटणार अशी चिन्हं दिसली की ट्रान्सफरचा नाद सोडा, नव्या घराचा बाँड कसाही करून वेगळा भरा आणि जुना सावकाश भांडून परत मिळवा. अर्ज कसा लिहायचा कळत नसेल तर जवळच्या सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरोत मोफत मदत मिळते.

१०. पैसे वळले का, हे स्वतः बघा

ट्रान्सफर नोंदलं गेलं की नव्या घराच्या बाँडची पोच येते. त्यावर पत्ता, नावं आणि रक्कम तपासा. वरच्या उदाहरणातला ३२० डॉलरचा फरक नव्या मालकाच्या हातात दिला असेल तर तोही २३ कामकाजी दिवसांत तिथे जमा दिसला पाहिजे. पोचेवर फक्त २,४०० दिसत असतील तर त्याला आठवण करा आणि सोबत पावतीचा फोटो जोडा. जुन्या बाँडमधून काही परत यायचं असेल तर ते येईपर्यंत ते बँक खातं बंद करू नका.